एक कंपनी, दोन ज्येष्ठता याद्या

मे २०१२ मध्ये एअर इंडियाच्या काही शे वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवून कामावर येणे थांबवले. पाहता पाहता त्याला संपाचे स्वरूप आले आणि तो संप ५८ दिवस चालला. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला, व्यवस्थापनाने संपकऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, १०१ वैमानिकांना बडतर्फ केले. ऐन उन्हाळी सुटीत परदेशी जाणारी विमाने रद्द होऊ लागली. अखेर ३ जुलै रोजी संघटनेने न्यायालयासमोर हमी दिली आणि वैमानिक कामावर परतले. थकलेले पगार ही त्यांची एक तक्रार होतीच. परंतु भांडणाचे खरे कारण होते एक विमान, आणि तेही अद्याप कंपनीच्या ताफ्यात दाखल न झालेले. 'बोईंग ७८७ ड्रीमलायनर' चालवण्याचे शिक्षण पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनाच मिळावे, पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना त्यात वाटा देऊ नये, असा संपकऱ्यांचा आग्रह होता. पहिले ड्रीमलायनर भारतात उतरले ते त्यानंतर, सप्टेंबर २०१२ मध्ये.

वैमानिकांच्या संपाला जनतेची सहानुभूती सहसा लाभत नाही. ज्यांचा महिन्याचा पगार शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या वर्षभराच्या मिळकतीशी स्पर्धा करतो, त्यांनी नव्या विमानासाठी अडून बसावे हे अनेकांना मिजासीचे लक्षण वाटले. ही प्रतिक्रिया समजण्यासारखी असली तरी तिच्यामुळे प्रश्नाचे स्वरूप झाकले गेले. वास्तविक या भांडणाशी शिक्षक व कारकून यांच्याइतका परिचय दुसऱ्या कोणालाही नसेल. तो ज्येष्ठतेचा वाद होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा सरकारी कचेरीत ज्याने 'सेवाज्येष्ठता यादी' फलकावर लागलेली पाहिली आहे आणि आपले नाव दोन क्रमांक खाली का गेले म्हणून अर्ज केले आहेत, त्याला वैमानिकांची तळमळ निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

फरक एवढाच की विमान व्यवसायात ज्येष्ठतेचा अंमल अधिक कडक असतो. वैमानिक कंपनीत रुजू झाला की यादीत त्याचा क्रमांक लागतो आणि वरची माणसे निवृत्त होतील किंवा नवी विमाने येतील तसतसा तो वर सरकतो. कोणते विमान चालवायचे, कोणत्या शहरात तळ मिळणार, लांबच्या फेऱ्या कोणाला व आडवेळच्या कोणाला, दिवाळीत रजा कोणाला आणि सहवैमानिकाच्या उजव्या आसनावरून कमांडरच्या डाव्या आसनावर केव्हा बसायचे, या सर्वांचा निकाल बहुतांशी त्या क्रमांकावर लागतो. मोठ्या विमानाचा भत्ता मोठा आणि कमांडरचा पगार सहवैमानिकापेक्षा कितीतरी अधिक, म्हणून आयुष्यभराच्या कमाईची गोळाबेरीजही त्याच क्रमांकात दडलेली असते. मंदी आली आणि कपात करायची झाली तर शेवटी आलेला आधी जातो. अमेरिकेत तर वीस वर्षांचा अनुभवी कमांडर दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला की त्याला यादीच्या तळाशी उभे राहावे लागते. त्याची विद्या त्याच्याबरोबर जाते, क्रमांक मागे राहतो.

अशा दोन याद्या एकत्र करायच्या तेव्हा काय होते? पगाराचा प्रश्न पैशाने सुटतो. दोन कंपन्यांत वेतनमान भिन्न असेल तर खालच्याला वर आणता येते. खर्च वाढतो, पण कोणाच्या ताटातले काढून घ्यावे लागत नाही. क्रमांकाच्या बाबतीत ही सोय नाही. एकाला शंभर पायऱ्या वर चढवायचे म्हणजे दुसऱ्या शंभरांना एकेक पायरी खाली उतरवायचे. विलीनीकरणानंतरच्या वेतनवाटाघाटी वर्षानुवर्षे का रखडतात आणि पैसा देऊ केला तरी त्या का मिटत नाहीत, याचे उत्तर येथे आहे. उत्तर साधे असूनही विलीनीकरणे योजणाऱ्यांना ते सहसा शेवटी आठवते.

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण हे याचे ठळक उदाहरण. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर या दोन संस्था शेजारी शेजारी वाढल्या, पण एकत्र कधी नांदल्या नाहीत. एकीने परदेशचे मार्ग सांभाळले, दुसरीने देशातले व शेजारी देशांचे. एकीचा ताफा मुख्यतः बोईंगचा, दुसरीचा एअरबसचा. संघटनाही निराळ्या: तिकडे इंडियन पायलट्स गिल्ड, इकडे इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. २००५-०६ च्या सुमारास दोघींनी स्वतंत्रपणे विमानांच्या प्रचंड खरेदीचे करार केले. एअर इंडियाने बोईंगकडून ६८ आणि इंडियन एअरलाइन्सने एअरबसकडून ४३ विमाने घेण्याचे ठरवले. खरेदी उरकल्यावर, ऑगस्ट २००७ मध्ये, दोन्ही संस्था 'नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया' या नव्या कंपनीत विलीन करण्यात आल्या. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात या विलीनीकरणाची वेळ चुकल्याचे म्हटले ते यामुळेच. एकत्र यायचेच होते तर खरेदीपूर्वी यायला हवे होते.

कागदावरचे विलीनीकरण आणि धावपट्टीवरचे विलीनीकरण यांत किती अंतर होते ते एका गोष्टीवरून दिसेल. कंपनी २००७ मध्ये एक झाली, परंतु तिकिटांवरील 'आयसी' हे इंडियन एअरलाइन्सचे जुने संकेताक्षर फेब्रुवारी २०११ पर्यंत तसेच होते. ज्येष्ठतेच्या याद्या, वेतनाचे करार व भत्त्यांचे नियम यांना तर कोणी हातही लावला नव्हता. साडेतीन वर्षे एका छपराखाली दोन चुली पेटत राहिल्या. तोटा मात्र सामाईक होता, आणि २०११-१२ मध्ये तो साडेसात हजार कोटींच्या घरात गेला.

एप्रिल २०११ च्या अखेरीस पहिला स्फोट झाला. पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दहा दिवस संप केला. एकाच कंपनीत एकाच प्रकारचे काम करणाऱ्यांना एकच वेतन हवे, उड्डाण भत्त्याच्या किमान तासांची हमी हवी, ही त्यांची मागणी होती. विलीनीकरण झाले असे म्हणायचे आणि पगार मात्र जुन्या कंपनीचा द्यायचा हे टिकण्यासारखे नव्हते. सरकारने तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. जे काम २००७ पूर्वी व्हायला हवे होते ते करणारी समिती विलीनीकरणाला चार वर्षे होत आल्यावर नेमली जाते, आणि तीही संप झाल्यावर, ही गोष्ट आपल्या राज्यकारभाराच्या रीतीला धरूनच झाली.

त्यानंतर वर्षभरात दुसऱ्या बाजूचा संप झाला. गिल्डचे म्हणणे सर्वस्वी आपमतलबी होते असे म्हणता येणार नाही. आमच्याकडे कमांडर होण्यास अधिक वर्षे लागतात, इंडियन एअरलाइन्समध्ये ती संधी लवकर येते. आमच्या कंपनीने मागवलेल्या मोठ्या विमानांच्या आशेवर आम्ही थांबलो. आता तीच विमाने वाटली तर आम्हांला दोन्हीकडून नुकसान, असा त्यांचा युक्तिवाद होता. उलट असोसिएशनचे म्हणणे असे की विमान आता जुन्या एअर इंडियाचे राहिलेले नाही, ते एकत्रित कंपनीच्या नावावर येत आहे. मग त्यावर अर्ध्या कर्मचाऱ्यांचाच हक्क कसा? दोन्ही युक्तिवाद आपापल्या जागी खरे आहेत. दोन्ही खरे असतात तेव्हा ज्याच्या शब्दावर उभयतांनी थांबावे असा तिसरा लागतो. तो तेव्हा नव्हता. न्यायालय संप बेकायदा ठरवू शकत होते, यादी करणे हे त्याचे काम नव्हते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य झाले तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या जागी आलेल्या राज्यातून मराठवाड्याचे आणि मध्य प्रदेशातून विदर्भाचे कर्मचारी मुंबई राज्याच्या सेवेत आले. त्यांचे हुद्दे निराळे, वेतनश्रेण्या निराळ्या, बढतीचे नियम निराळे. राज्य पुनर्रचना कायदा करणाऱ्यांना या प्रश्नाची जाणीव होती, हे त्यांच्या श्रेयाच्या खाती मांडले पाहिजे. कायद्याच्या ११५ व्या कलमाने सेवाशर्तींना संरक्षण दिले, केंद्राला देखरेखीचा अधिकार दिला, आणि कोणते पद कोणत्या पदाच्या बरोबरीचे मानावे याच्या कसोट्या ठरवण्यात आल्या: कामाचे स्वरूप, जबाबदारी व अधिकार, भरतीसाठी लागणारी किमान पात्रता, आणि सर्वांत शेवटी वेतन. वेतन शेवटी ठेवण्यात मोठे शहाणपण होते, कारण गरीब संस्थानातला तहसीलदार पगार कमी म्हणून कमी दर्जाचा ठरत नाही. इतके करूनही दावे चालूच राहिले. विक्रीकर अधिकाऱ्यांच्या ज्येष्ठतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो १९८१ मध्ये, पंचवीस वर्षांनी. तेव्हाचे तरुण अधिकारी त्या वेळी सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर आले असतील. कसोट्या आधी ठरवूनही जेथे एवढा काळ लागला तेथे त्या न ठरवता काय होणार, हा हिशेब २००७ मध्ये दिल्लीत कोणी मांडलेला दिसत नाही.

हा दोष एकट्या सरकारी कारभाराचा मानण्याचे कारण नाही. खासगी भांडवलाच्या माहेरघरी, अमेरिकेत, याहून लांबलेले प्रकरण घडले. सप्टेंबर २००५ मध्ये पश्चिमेकडील ॲरिझोना राज्यातील अमेरिका वेस्ट आणि पूर्व किनाऱ्यावरील यूएस एअरवेज या कंपन्या एक झाल्या. यूएस एअरवेज जुनी व मोठी, पण दोनदा दिवाळखोरीत गेलेली. तिच्या वैमानिकांचे पगार कापले गेले होते, निवृत्तिवेतनाची योजना मोडीत निघाली होती, आणि सुमारे १७०० जण कामावरून कमी होऊन घरी बसले होते. त्यांतील काहींची सेवा सोळा-सतरा वर्षांची होती. अमेरिका वेस्ट त्या मानाने लहान व नवी, तिचे वैमानिक तरुण.

दोन्ही बाजूंची संघटना एकच होती आणि तिच्या नियमाप्रमाणे यादीचा वाद लवादाकडे गेला. पूर्वेकडच्यांनी मागणी केली की रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे सरळ यादी लावा. शाळा-कचेऱ्यांत हाच न्याय रूढ असल्यामुळे आपल्याला तो स्वाभाविक वाटतो. पश्चिमेकडच्यांचे उत्तर बिनतोड होते: तुमची कंपनी बुडत होती, आम्ही आलो म्हणून ती वाचली, विलीनीकरण झाले नसते तर तुमच्या तारखेला काय किंमत उरली असती? लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी मे २००७ मध्ये निवाडा दिला. मोठी विमाने चालवणारे पूर्वेचे सुमारे पाचशे ज्येष्ठ वैमानिक सर्वांत वर, त्यांच्यानंतर दोन्हीकडच्या कामावर असलेल्यांची प्रमाणशीर गुंफण, आणि कमी केलेले सर्व जण तळाशी. परिणामी सतरा वर्षांचा जुना माणूस काही महिन्यांपूर्वी लागलेल्या तरुणाच्या खाली गेला.

निवाडा अंतिम व बंधनकारक राहील असे उभय पक्षांनी आधी मान्य केले होते. पण पूर्वेकडच्यांची संख्या अधिक होती. त्यांनी नवी संघटना काढली, रुजू होण्याच्या तारखेचे तत्त्व तिच्या घटनेतच घातले, आणि एप्रिल २००८ मध्ये मतदानाने जुन्या संघटनेला हटवून साऱ्या वैमानिकांचे प्रतिनिधित्व मिळवले. ज्या अल्पसंख्य पश्चिमेकडच्यांविरुद्ध ती उभी राहिली त्यांचीही ती आता कायदेशीर प्रतिनिधी झाली. वकीलच प्रतिवादी असावा तसा हा प्रकार होता.

यानंतरची गोष्ट वेतनवाटाघाटींच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. निकोलाउ निवाडा अमलात यायचा तो दोन्ही गटांचा मिळून एकच वेतनकरार झाल्यावर. म्हणून पूर्वेकडच्यांनी एकत्रित करारच होऊ दिला नाही. दिवाळखोरीच्या काळात लादलेल्या कापलेल्या पगारावर ते वर्षामागून वर्षे काम करत राहिले, कारण पगारवाढ घेतली की तिच्यामागून यादी आली असती. सर्व काही पैशात मोजले जाते असा ज्या देशाचा लौकिक, तेथे हजारो सुशिक्षित माणसांनी क्रमांकासाठी पैशावर पाणी सोडले. त्यांना हटवादी म्हणणे सोपे आहे. पगार गेला, निवृत्तिवेतन गेले, उरली होती ती फक्त सेवेची वर्षे. तीही लवादाने पुसून टाकली असे त्यांना वाटले. पश्चिमेकडचे मात्र ज्या निवाड्याने त्यांना न्याय दिला त्याच्या फळाची वाट पाहत बसले. कंपनीला घाई असण्याचे कारण नव्हते. भांडण चालू होते तोवर तिला स्वस्तात वैमानिक मिळत होते.

पश्चिमेकडचे न्यायालयात गेले. २००९ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. २०१० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की करारच झालेला नाही, तेव्हा नुकसान झाले असे आताच म्हणता येत नाही. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने संघटनेने अल्पसंख्यांशी प्रतिनिधित्वाचे कर्तव्य पाळले नाही असा निर्णय दिला. मधल्या काळात, डिसेंबर २०१३ मध्ये, ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि दोन याद्यांच्या तीन झाल्या. लवाद मंडळाने तिन्हींची एक यादी दिली ती सप्टेंबर २०१६ मध्ये. पहिल्या विलीनीकरणाला तोवर अकरा वर्षे झाली होती, आणि ज्यांच्यासाठी भांडण चालले होते त्यांतले कितीतरी जण वयोमर्यादेने घरी गेले होते.

त्याच देशात याच्या उलट उदाहरणही आहे. डेल्टा व नॉर्थवेस्ट या कंपन्या ऑक्टोबर २००८ मध्ये एक झाल्या. तेथे वैमानिकांचा एकत्रित करार विलीनीकरण पूर्ण होण्याआधीच, ऑगस्टमध्ये, मंजूर झाला होता. त्यात पगारवाढ होती आणि नव्या कंपनीच्या भागांत हिस्साही होता. यादीचा वाद लवाद मंडळाकडे गेला आणि डिसेंबरमध्ये निकाली निघाला. यादीने सर्वांचे समाधान झाले असे नाही. असे समाधान कोणत्याच यादीने होत नाही. परंतु करार आधी झाल्यामुळे निवाडा अडवून धरण्याचे साधन कोणाच्याच हाती उरले नव्हते. शिवाय तोपर्यंत अमेरिकेत कायदाही झाला होता. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए घेतली तेव्हा त्या कंपनीच्या हवाई कर्मचाऱ्यांना यादीच्या तळाशी चिकटवण्यात आले आणि नंतरच्या मंदीत ते सगळेच्या सगळे कमी झाले. या अन्यायाची आठवण ठेवून मिसुरी राज्याच्या दोन सिनेटरांनी, एक डेमोक्रॅट व एक रिपब्लिकन, २००७ मध्ये तरतूद करून घेतली: विमान कंपन्यांच्या विलीनीकरणात ज्येष्ठता याद्या न्याय्य रीतीने एकत्र केल्या पाहिजेत, आणि एकमत न झाल्यास लवाद नेमला पाहिजे. कोणती पद्धत न्याय्य हे कायदा सांगत नाही. ठरवणार कोण एवढेच तो सांगतो, आणि तेवढे पुष्कळ आहे.

आपल्याकडे एअर इंडियाच्या विलीनीकरणाच्या वेळी लागू असलेला १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा उद्योगाचा मालक बदलला तर नोकरीत खंड पडू नये, शर्ती पूर्वीपेक्षा वाईट असू नयेत, नाही तर भरपाई द्यावी, असे सांगत होता. दोन आस्थापनांचे कर्मचारी एकमेकांत कसे मिसळावेत याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. शर्ती शाबूत ठेवूनही माणसाला यादीत पाचशे जागा खाली ढकलता येते, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचे काहीच बिघडलेले नसते.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे परत गेली आणि प्रश्नाचे दुसरे पर्व सुरू झाले. आता एका समूहाच्या हाती चार कंपन्या होत्या. त्या दोन करायच्या तर पुन्हा करार आणि पुन्हा याद्या आल्या. एप्रिल २०२३ मध्ये नव्या सेवाशर्ती पुढे आल्या तेव्हा एक अघटित घडले. २०११ व २०१२ मध्ये एकमेकांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या गिल्ड आणि असोसिएशन या दोन्ही संघटना मिळून विरोधात उतरल्या, आणि दीड हजारांवर वैमानिकांनी सह्या करून रतन टाटांकडे दाद मागितली. इतक्या वर्षांत सरकारला जे साधले नाही ते एका वेतनपत्रकाने साधले म्हणायचे!

विस्तारा कंपनीची पाळी पुढच्या वर्षी आली. विलीनीकरणाच्या तयारीत तिच्या वैमानिकांपुढे एअर इंडियासारखेच वेतन ठेवण्यात आले. पूर्वी महिन्याला ७० तासांचे उड्डाण गृहीत धरून ठरावीक पगार मिळे, तो आता ४० तासांवर आला. वरचे तास प्रत्यक्ष उडतील तसे मोजायचे. सर्वांत अधिक झळ सहवैमानिकांना, म्हणजे यादीत खाली असणाऱ्यांना, लागणार होती. मार्चअखेर अनेक वैमानिक एकाच वेळी आजारी पडू लागले, उड्डाणे रद्द झाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीला रोज पंचवीस-तीस फेऱ्या, म्हणजे सुमारे दहा टक्के, कमी कराव्या लागल्या. वेळापत्रक फार ताणलेले होते अशी कबुली तिच्या प्रमुखांनी दिली. बहुतेकांनी नव्या करारावर सह्या केल्या आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली.

२०११ व २०१२ च्या तुलनेत हे लवकर मिटले, हे मान्य करावे लागेल. मात्र ते मिटले कसे हे पाहण्यासारखे आहे. वाटाघाटीच्या मेजावर दोन पक्ष बसून हा करार झाला नाही. तो प्रत्येक वैमानिकाकडे वेगळा गेला आणि त्यावर सही झाली तीही एकेकाची. वेतनाच्या बाबतीत अशी रीत चालून जाते, कारण शेजाऱ्याचा पगार किती यावाचून आपल्या पगाराचा विचार करता येतो. क्रमांकाला शेजारी लागतोच. मोठी रुंद विमाने ताफ्यात येतील आणि त्यांच्या डाव्या आसनावर पूर्वीच्या एअर इंडियाच्या सहवैमानिकाला बसवायचे की विस्ताराच्या, हा प्रश्न उभा राहील, तेव्हा एकेकट्याने सही केलेल्या त्या कागदांत त्याचे उत्तर सापडणार नाही. २०१२ प्रमाणे आजही, याद्या एकत्र करण्याच्या वादात लवाद नेमायला लावणारा खास कायदा या देशात नाही.